आवाजाचा वारस

फोन आला तेव्हा बद्रीनाथ पिठाच्या गिरणीत ज्वारीचा डबा घेऊन उभा होता. पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून डबा तिथंच ठेवून तो रस्त्यावर आला, तर रस्त्यावर नव्या मोठ्या पाइपासाठी जेसीबी खोदत होता, म्हणून अजून पुढं, एका बंद दुकानाच्या पायरीपाशी गेला. फोनवर एक बाई होती. आवाज तरुण, स्वच्छ, एकेक शब्द वेगळा ठेवणारा. सरकारी कार्यालयातून मनस्विनी बोलतेय, असं तिनं सांगितलं आणि विचारलं, "साळूबाई बद्रीनाथ दांडगे यांच्या आवाजाचे वारस तुम्हीच का?" बद्रीनाथनं विचारलं, "कशाचे?" ती पुन्हा म्हणाली, "आवाजाचे." साळूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत तो बऱ्याच गोष्टींचा वारस झाला होता. गॅसच्या पुस्तकाचा, मोबाइलच्या नंबराचा, माहेरच्या जमिनीतल्या तिच्या एवढ्याशा हिश्शाचा. प्रत्येक कागदावर एक रकाना असायचा आणि त्यात तो आपलं नाव लिहायचा. त्या रकान्यात आवाजही असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. उन्हात पायरी तापली होती तरी तो तिच्यावर बसला.

मनस्विनीनं सगळं समजावून सांगितलं. मराठवाड्यातल्या पोरांनी आपल्या बोलीत जी रॅपची गाणी केली, ती सरकार आता प्रादेशिक संगीताचा वारसा म्हणून नोंदवणार होतं. पहिल्या यादीत कडूबाचं 'सहावा दिवस' हे गाणं होतं. गाण्याच्या सुरवातीला आणि पुन्हा मधे मधे एका बाईचा आवाज येतो, तो साळूबाईंचा, असं कडूबानं लिहून दिलं होतं. म्हणून वारसाची संमती हवी. "आणि एक अडचण आहे," ती म्हणाली. "त्या आवाजात पहिला शब्द झाकलेला आहे. त्यावर हंड्याचा ठोका टाकलाय. समितीला वाटतंय की तो अपशब्द असावा. तसं असेल तर बाईंचा भाग काढून गाणं नोंदवावं, असं त्यांचं म्हणणं आहे. मूळ ध्वनिमुद्रण कडूबा आणणार आहेत. तुमचा जबाब हवा. गुरुवारी अकरा वाजता याल?" बद्रीनाथ हो म्हणाला. त्याला विचारायचं होतं की भाग काढला म्हणजे तो जातो कुठं, पण तोवर फोन ठेवला गेला होता. गिरणीत परत आला तर गिरणीवाल्यानं त्याची ज्वारी कुणाच्या तरी गव्हामागं दळून टाकली होती. हे त्याला घरी भाकरी थापायला बसल्यावर कळलं. पीठ हाताला चिकटत होतं. साळूबाई असती तर डबा उचलून तशीच परत गेली असती आणि गिरणीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. तोंड तिचं होतंच तसं. म्हणूनच लोकांना खरं वाटलं, हे त्याच्या मनात आलं आणि त्यानं ते तिथंच थांबवलं.

सोमवार होता. गुरुवारपर्यंत तीन दिवस होते आणि ते कसे काढायचे हे त्याला कळेना. तो दोनदा अंघोळीला बसला आणि पाणी अंगावर घ्यायचं विसरला. त्या झाकलेल्या जागी काय होतं हे त्याला माहीत होतं. नऊ वर्षं माहीत होतं. तिथं शिवी नव्हती. तिथं त्याचं नाव होतं.

एरवी साळूबाईनं त्याचं नाव कधी घेतलं नाही. तिच्या वयाच्या बायका घेत नसत, पण त्या निदान उखाण्यात तरी घ्यायच्या. लग्नानंतर घरात शिरताना बायकांनी दार अडवलं, तेव्हा ही नुसती उभी राहिली. अर्धा तास. शेवटी मोठ्या नणंदेनं कंटाळून तिच्या वतीनं उखाणा घेतला आणि दार सोडलं. मतदानाच्या खोलीत विचारायचे, नवऱ्याचं नाव? ही मान मागं वळवायची. "मागं उभे हायेत, त्यांनाच इचारा." गल्लीतल्या बायका चारधामाच्या यात्रेला निघायच्या तेव्हा हिची पंचाईत व्हायची, कारण त्यातलं एक धाम नवऱ्याच्या नावाचं. ही म्हणायची, "केदारनाथ, आन त्याच्या शेजारचं." बायका मुद्दाम विचारायच्या, शेजारचं म्हंजी कोणतं गं? "तुम्हाला ठावं हाय, बर्फातलं," असं म्हणून ही पदर तोंडाला लावायची. बद्रीनाथला हे आवडायचं. आपलं नाव कुणीतरी इतकं जपून ठेवलंय असं वाटायचं. नोकरीत तर त्याला नाव नव्हतंच. तो पाणी सोडणारा लाइनमन. लोक 'लाइनमन' म्हणायचे, 'पाणीवाला' म्हणायचे, उन्हाळ्यात अजूनही काही म्हणायचे.

सोळा सालच्या उन्हाळ्यात धरणाच्या मधोमध जुन्या गावाची भिंत दिसायला लागली होती आणि शहराला सहाव्या दिवशी पाणी मिळत होतं. पाऊण तास. शहर मात्र तिकडं शेंद्र्याच्या कारखान्यांपर्यंत पसरत होतं, रोज नवी प्लॉटिंग, नव्या कमानी, नव्या बोअरच्या गाड्या, आणि त्या सगळ्याला पुरवायचं पाणी तेच. पुंडलिकनगरच्या ज्या आठ गल्ल्या बद्रीनाथकडं होत्या त्यांतल्या एका गल्लीत त्याचं स्वतःचं घर होतं. घरातल्या नळांना दाब नव्हता. म्हणून गल्लीच्या तोंडाशी खड्डा करून एक सार्वजनिक नळ खाली घेतला होता आणि सगळ्या बाया तिथं हंडे लावायच्या. व्हॉल्व्हचं चेंबर तिथून वीस पावलांवर. मार्च संपता संपता दुसऱ्या गल्लीतला एक माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्यांच्या गल्लीला काय कमी, लाइनमन त्यांच्यातच राह्यतो." ते बद्रीनाथला लागलं. त्यानं उभ्या नोकरीत कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नव्हता. त्या दिवसापासून तो आपल्या गल्लीचं पाणी आठ मिनिटं आधी बंद करायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांना ठाऊक नव्हतं. ती आठ मिनिटं तो पुढच्या गल्लीला द्यायचा आणि पुढच्या गल्लीतले लोक म्हणायचे, माणूस सोन्याचा हाय. घरी त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही. साळूबाईला आपोआप समजेल असं त्याला वाटलं. ती लाइनमनची बायको, म्हणून तिनं पुढं घुसायचं नाही हेही तिनं आपोआपच ठरवलं होतं, मग हेही समजेल. बायका तिला टोचून बोलत असणार, हे त्याच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं आणि गेलं. पुष्कळ वर्षांनी, साळूबाईच्या तेराव्याला, वैजापूरला दिलेली त्याची मुलगी दीपमाला स्वयंपाकघरात म्हणाली होती, "पप्पा, तुमची इमानदारी आईच्या कमरंवर होती." तिनं ते हंडे घासता घासता म्हटलं, आणि तो ऐकू न आल्यासारखा बाहेर निघून गेला होता.

तो आवाज भरला गेला त्या दिवशी साळूबाईचा नंबर लवकर आला होता. तिचा हंडा नळाखाली भरत होता. बद्रीनाथ चेंबरवर वाकून, लांब चावी व्हॉल्व्हला लावून फिरवत होता. पाठ गल्लीकडं. दुपारचे साडेतीन वाजले असतील, लोखंडी चावी फडकं गुंडाळल्याशिवाय धरवत नव्हती. मागून कुणीतरी नावानं हाक मारली. आधी त्याला वाटलं, गावाकडचं कुणी आलं. मग आवाज ओळखू आला, आणि मानेवरचा घाम एकदम गार झाला. "बद्रीनाथ! फिरवू नको. माझ्यामागं अकरा जणी उभ्या हायेत." एवढंच. ती ओरडली नव्हती. लांब उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जावं इतकंच मोठ्यानं बोलली होती. त्यानंतर बाया गप्प झाल्या हेही त्याला कळलं, कारण हंड्यांचे आवाज थांबले. तो वळला नाही. काम पुरं केलं, झाकण ओढून घेतलं, चावी सायकलला बांधली आणि पुढच्या गल्लीला गेला.

एवढीच गोष्ट. नवऱ्याला बायकोनं नावानं हाक मारली. आता तर नव्या पोरी सासूसमोर नवऱ्याला अरे-तुरे करतात आणि सासवा हसतात. पण बद्रीनाथ ती गोष्ट कुणाला सांगू शकला नाही, कारण सांगायची म्हटलं तर आधी हे कबूल करावं लागत होतं की आपल्याला ऐकू आलं होतं. महिन्याभरात ते गाणं आलं. कडूबा त्याच गल्लीतला, तेव्हा बावीसचा, शेंद्र्याला एका कंपनीत ठेकेदाराकडं लागलेला. त्या दुपारी तो मोबाइलमध्ये रांगेचा आवाज भरत होता. त्यानं रिकाम्या हंड्यांवर ठेका धरला आणि त्यावर आपले शब्द टाकले. 'पाच दिवस कोरडे गेले, सहाव्याला रांग, कुठं गेलं पाणी माझं, नळा मला सांग.' आणि ते सुरू व्हायच्या आधी, हंड्यावर एक मोठा ठोका, ठण्ण, आणि लगेच साळूबाई. "फिरवू नको. माझ्यामागं अकरा जणी उभ्या हायेत." गाणं रिक्षांत वाजलं, कॉलेजात वाजलं, गणपतीत वाजलं. त्या ठोक्याच्या जागी शिवी आहे हे लोकांनी धरूनच घेतलं. झाकायचं दुसरं काय असतं? पोरं गाणं लावायची आणि ती जागा आली की ज्याला जी येते ती शिवी सगळे मिळून द्यायचे आणि हसायचे. बद्रीनाथ सिटी बसमध्ये बसलेला असताना मागच्या बाकावरच्या चौघांनी चार वेगवेगळ्या दिल्या. त्याच्या बायकोच्या तोंडी. तो पुढच्या स्टॉपवर उतरला आणि घरापर्यंत चालत आला.

सोयगावला पुतणीच्या लग्नात पंगत बसली होती. एक भाचा वाढता वाढता म्हणाला, "मामा, मामीनं नेमकी कोणती हाणली वो? आमच्यात पैज लागलीय." सगळी पंगत हसली. साळूबाई समोरच्या ओळीत होती. तिनं ताटातली जिलेबी मोडली आणि मोडतच राहिली. बद्रीनाथला तेव्हा म्हणता आलं असतं की शिवी नव्हती. पण मग लोक विचारणार, मग काय होतं? आणि तुम्हाला कसं ठावं? तोही हसला. भाच्याला म्हणाला, "तुझ्या मामीलाच इचार." आपण तेव्हा नेमके किती हसलो हे तो पुढं कितीतरी वेळा मोजून बघायचा. तोंड उघडून, की नुसतं ओठांनी. साळूबाईनं त्याच्याकडं पाहिलं होतं, की ते त्याला वाटलं होतं. तिला ठाऊक होतं का, की त्याला ऐकू आलंय? हा प्रश्न सात वर्षं त्या घरात दोघांच्या मधे बसून जेवला. मग तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. चाळीस दिवस ती दवाखान्यात नुसती बघत होती. तो कॉटजवळ बसायचा. एका सकाळी नर्स फॉर्म भरायला आली आणि तिनं सवयीनं पेशंटलाच विचारलं, नवऱ्याचं नाव? साळूबाईनं डोळे त्याच्याकडं फिरवले. त्यानं नाव सांगितलं. नर्स गेल्यावर त्याला वाटलं, आता बोलावं. ती काही उलट विचारू शकणार नाही. आणि तेवढ्यामुळंच तो बोलला नाही. उत्तर देता न येणाऱ्या माणसाला सांगणं म्हणजे काय सांगणं.

मंगळवारी सकाळी शेजारची चंपाबाई भिंतीवरून डोकावली. ती त्या अकरा जणींतली. "भावजी, सरकारला साळूची शिवी पायजे म्हणं?"

"कुणी सांगितलं?"

"कडू सांगत व्हता. आता सरकार बी शिव्या गोळा करू राह्यलं व्हय? मग मला न्या म्हणावं. माझ्याकडं पोतंभर हायेत." ती हसली आणि मग हसायची थांबली. भिंतीवरचं वाळकं शेवाळ नखानं खरवडत म्हणाली, "जाऊ नका तुम्ही. काय सांगायचं तिथं जाऊन? लोकायला शिवीच म्हणू द्या. बाईमाणसाच्या तोंडून शिवी गेली तर चार दिस हसतेत. शिवी बरी." बद्रीनाथनं मान हलवली. चंपाबाईला वाटत होतं की त्याला ठाऊक नाही. ती झाकून बोलत होती आणि तो तिचं झाकण उचलत नव्हता. सगळी गल्ली नऊ वर्षं त्याच्यापासून एक गोष्ट लपवत होती, आणि ती त्यालाच सगळ्यांत आधी माहीत होती. आत जाऊन तो पंख्याखाली उभा राहिला, पण वीज नव्हती.

दीपमालाला फोन केला तर ती म्हणाली, "जाऊन सही करून टाका ना पप्पा. आईचा आवाज राहील तरी कुठंतरी. माझ्या मोबाइलमधला तर गेला." तिच्याकडं साळूबाईचे सहा-सात आवाज होते, 'पोचली का', 'जेवली का' असे, आणि मोबाइल बदलताना ते गेले होते. बद्रीनाथकडं एकही नव्हता. दोघं कायम एकाच घरात राहिले, फोन करायची वेळच आली नाही. आता त्या बाईचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता आणि तो त्याला दोन वाक्यं सांगत होता. त्यानं ते गाणं साळूबाई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. ऐकायचं म्हणून बुधवारी दुपारी मोबाइल हातात घेतला, अंगठा जवळ नेला आणि तेवढ्यात दारात कडूबा आला.

कडूबा आता एकतीसचा होता. कंपनीत कायम झाला होता, पुण्या-मुंबईला कार्यक्रमाला जायचा, तरी दारात चप्पल काढून 'येऊ का' विचारून आत आला. पाण्याचा माठ कुठं असतो ते त्याला ठाऊक होतं. स्वतःच पेला भरून प्याला आणि पेला हातात घेऊनच खाली बसला. "काका, एक सांगायचंय. रागावू नका."

"बोल."

"त्या जागी शिवी नाय."

बद्रीनाथला समजलं की आता काहीतरी विचारायला पाहिजे. ज्याला माहीत नाही असा माणूस या ठिकाणी काय विचारील, ते त्यानं क्षणभर शोधलं आणि विचारलं, "मग काय हाय?"

"तुमचं नाव हाय." कडूबा पेल्याकडं बघत होता. "मावशीनं तुमचं नाव घेतलं व्हतं. सगळ्यांसमोर. तुम्ही तिकडं चेंबरवर, तुम्हाला काय कळणार. मी भरू राह्यलो व्हतो ना रांगेचा आवाज, त्यात ते आलं. भाई, खरं सांगतो, मला तर तेच पायजे व्हतं. नावासकट. काय आवाज लागला व्हता मावशीचा! पण दुसऱ्या दिवशी मावशी घरी आली. म्हणे, कडू, तुला काय गाणंफिणं करायचं ते कर. माझा आवाज राहू दे. पण त्यांचं नाव काढ. म्हणलं, मावशी, नाव झाकलं तर लोक म्हणतील म्हातारीनं शिवी दिली. म्हणे, म्हणू दे. मला म्हणतील ना? त्यांना तर नाय म्हणणार कुणी काय."

बद्रीनाथनं चेहऱ्यावर काय आणावं हे त्याला कळेना. त्याला आश्चर्य वाटायला हवं होतं आणि वाटलंही होतं, पण दुसऱ्याच ठिकाणी, नाव तिनं झाकायला लावलं तिथं. तो उठला आणि चहाचं पातेलं शोधायला आत गेला. पातेलं समोरच होतं. बाहेरून कडूबा म्हणत होता, "टेन्शन नका घेऊ काका. उद्या एवढंच सांगायचं, हे माझं नाव हाय, शिवी नाय. संपलं. मावशी कायमची राहील तिथं. आपली पोरं गेल्यावर बी राहील." बद्रीनाथनं आतून "बरं" म्हटलं. आता तर सगळं सोपं झालं होतं. कडूबानं सांगितलं म्हणून समजलं, असं म्हणायची सोय झाली होती. आवाज राहणार होता, शिवीचा डाग जाणार होता आणि त्याला काहीच कबूल करायचं नव्हतं. तरी साखर ओट्यावर सांडली. ती गोळा करताना त्याला वाटलं, तिनं नाव झाकायला सांगितलं ते त्याला लोकांपासून वाचवायला, की त्याला स्वतःला ते ऐकायला लागू नये म्हणून? ऐकलंय हे माहीत असलेली बाई असं सांगायला जाईल का? आणि माहीत नसलेली तरी कशाला जाईल? दोन्हीकडून ते सारखंच दिसत होतं.

गुरुवारी कडूबाच्या गाडीवर मागं बसून तो गेला. दिल्ली गेटच्या अलीकडं एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते कार्यालय होतं. मनस्विनी आवाजावरून वाटली त्याहून लहान होती. तिनं त्यांना बसायला सांगितलं, पाणी विचारलं, आणि बद्रीनाथनं नको म्हटलं तरी पेला समोर ठेवला. टेबलावर दोन छोटे स्पीकर होते. कडूबानं एका कागदाच्या पुडीतून नखाएवढं मेमरी कार्ड काढून दिलं. ती म्हणाली, "गाण्यात आहे त्याच्या आधीचं आणि नंतरचंही आपण ऐकू. मूळ म्हणून सगळंच जतन होणार आहे." बद्रीनाथला हे नवीन होतं. नंतरचं म्हणजे काय, हे त्यानं कडूबाकडं बघून नजरेनंच विचारलं, पण कडूबा स्पीकरकडं बघत होता.

आधी खरखर आली. मग हंडे, मग खूप बाया एकदम. त्यात चंपाबाईचं हसणं त्यानं ओळखलं. कुणीतरी म्हणालं, "लाइनमननीचा नंबर लागला बाई आज," आणि कुणीतरी, "तिला कशाला पायजे नंबर, घरातच धरण हाय तिच्या." हसणं झालं. मग लांबून लोखंडाचा आवाज आला, कर्र, कर्र. तो स्वतः होता. नऊ वर्षांपूर्वीचा तो तिथं वाकून काम करत होता आणि आजचा तो खुर्चीत बसून ते ऐकत होता. कुणीतरी म्हणालं, "घ्या, निघालं बंद करायला." आणि मग ती.

"बद्रीनाथ! फिरवू नको. माझ्यामागं अकरा जणी उभ्या हायेत."

त्याला आठवत होतं त्यापेक्षा आवाज बारीक होता. त्यात राग कमी होता. नाव तिनं सरळ घेतलं होतं, जणू रोज घेत असावी. मग हंडे थांबले. सगळं थांबलं. लांब ते कर्र, कर्र चालूच होतं. बद्रीनाथनं पेल्याकडं हात नेला आणि परत घेतला. त्याला वाटलं, आता संपलं. पण मनस्विनीनं बंद केलं नाही. एक बाई हलक्या आवाजात म्हणाली, "आगं, नाव घेतलंस त्यांचं!" दुसरी म्हणाली, "आन त्यांनी वळून बी नाय पाह्यलं." मग साळूबाई, अगदी जवळून, मोबाइलच्या शेजारी उभी असल्यासारखी म्हणाली, "त्यांना ऐकू नाय गेलं. व्हॉल्व्हपाशी लई आवाज असतो पाण्याचा." आणि लगेच, "सरका, घ्या माझा हंडा. थोडं थोडं घ्या सगळ्याजणी."

मनस्विनीनं बटण दाबलं. बद्रीनाथला नऊ वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली. त्या संध्याकाळी जेवताना तो एकच वाक्य बोलला होता, आपणहून, कुणी न विचारता. "आज व्हॉल्व्हपाशी लई आवाज व्हता. काहीच ऐकू येत नव्हतं." ते वाक्य त्यानं सायकलवर सबंध रस्ता जुळवलं होतं. साळूबाई भाकरी उलटत म्हणाली होती, "व्हय. पाण्याचा लई आवाज असतो." तेव्हा त्याला वाटलं होतं की सुटलो.

"छान झालं," मनस्विनी म्हणाली. ती खरंच खूष झाली होती. "अपशब्द नाहीच. उलट समितीला हे आवडेल." तिनं संगणक पुढं ओढला आणि टाइप करत मोठ्यानं वाचायला लागली. "सदर झाकलेला शब्द हा अपशब्द नसून माझे नाव आहे. माझी पत्नी मयत साळूबाई हिने पाणी बंद न करण्याविषयी मला उद्देशून हे उद्गार काढले. त्या वेळी मी व्हॉल्व्ह बंद करत होतो आणि पाण्याच्या आवाजामुळे मला तिचे बोलणे ऐकू आले नाही." ती थांबली. "बरोबर ना? त्या म्हणतातच तसं."

कडूबानं त्याच्याकडं पाहून मान हलवली. हो म्हणा काका, अशी. बद्रीनाथला फक्त मान हलवायची होती. साळूबाईनं ते वाक्य त्याच्यासाठी तयार करून ठेवलं होतं, अकरा जणींसमोर बोलून ठेवलं होतं, आणि आता सरकारी कागदावर चढलंही होतं. ते तसंच राहणार होतं. आपली पोरं गेल्यावर बी. त्याला वाटलं, उठून जावं, जिन्यानं उतरावं आणि मिळेल त्या रिक्षात बसावं. त्यानं टेबलाची कड धरली.

"ते नका लिहू," तो म्हणाला.

"काय?"

"ऐकू आलं नाय, ते. ऐकू आलं व्हतं."

कडूबा "काका" म्हणाला. मनस्विनीनं एकदा त्याच्याकडं आणि एकदा स्पीकरकडं पाहिलं. "पण त्या तर म्हणतायत..."

"ती खोटं बोलली. माझ्यासाठी. आन मी बी खोटंच बोललो, तिच्याशी."

"काका, नोंदीसाठी एवढं लागत नाही," ती हळू म्हणाली. "नाव आहे, एवढं पुरेसं आहे. हे वाक्य मी काढूनच टाकते."

"काढू नका. लिहा." आवाज आपला इतका मोठा निघाला याचं त्यालाच नवल वाटलं. बाहेरच्या टेबलावरचा माणूस डोकावून गेला. बद्रीनाथनं पेला उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं आणि मग सावकाश, तिला टाइप करता यावं म्हणून शब्द सुटे ठेवत, सांगायला लागला. "व्हॉल्व्हला चोवीस आटे असतात, बाई. चोवीस फिरवले की पाणी पुरं बंद. आम्ही मोजून फिरवतो. तिनं नाव घेतलं तेव्हा माझा सतरावा चालू व्हता. म्हंजी पाणी अजून येत व्हतं. उलटा फिरवला असता तर लगेच वाढलं असतं. तिला वाटलं असंल, मी वळंन."

मनस्विनीची बोटं चालत होती. ती थांबली आणि तिनं वर पाहिलं.

"मग?"

"मग मी अठरावा फिरवला," बद्रीनाथ म्हणाला.